बारावीनंतर सरकारी की खाजगी? गावाकडच्या घरासाठी खर्चाचा पक्का हिशोब

विदर्भात कॉलेजच्या प्रवेशाची धावपळ आणि खरिपाची पेरणी एकाच वेळी येतात. घरातला पैसा बियाणं-खतात गेलेला असतो. सोयाबीन हाती यायला ऑक्टोबर उजाडतो, कापसाचे पैसे दिवाळीनंतर, धानाचे त्याहून उशिरा. कॉलेज मात्र फी जुलै-ऑगस्टमध्ये मागतं. अशा घाईत बहुतेक घरांत निर्णय एका वाक्यात होतो: सरकारीत नंबर लागला तर ठीक, नाही तर कुठल्या तरी खाजगीत घालू.

हा निर्णय चार वर्षांचा आणि काही लाखांचा असतो, त्यामुळे त्याला निदान एक वही आणि एक रविवार द्यायला हवा. पुढची माहिती मुख्यतः अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी आणि साध्या पदवीकडे जाणाऱ्या मुलामुलींसाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळा हिशोब तिच्यावर फिरतो. कॉलेज सरकारी आहे की खाजगी यापेक्षा मोठा फरक जागेच्या प्रकाराने पडतो. राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून मिळालेली जागा आणि त्याच कॉलेजात संस्था स्तरावर, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेली जागा, या दोन्हींचा वर्ग एक, मास्तर एक, पदवीही एक. पण पहिल्या जागेवर राज्याची फी सवलत मिळते आणि दुसरीवर मिळत नाही.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक कॉलेजसाठी एक पान घ्या. फी एका आकड्यात लिहू नका, फोडून लिहा. शिक्षण शुल्क वेगळं, विकास शुल्क वेगळं, परीक्षा शुल्क, ग्रंथालय, विमा, अनामत हे सगळं वेगळं. राज्याच्या बहुतेक योजना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कापुरत्याच आहेत. विकास शुल्क आणि किरकोळ शुल्कं घरालाच भरावी लागतात. "फी माफ आहे" असं ऐकून गेलेल्या बापाला खिडकीवर पंधरा-वीस हजारांची पावती हातात पडते ती यामुळेच.

खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी कॉलेज मनाने ठरवू शकत नाही. 2015 च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेज आणि अभ्यासक्रमाची फी मंजूर करतं आणि ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर वर्षनिहाय असते. कॉलेजच्या पत्रकातला आकडा त्या मंजूर आकड्याशी ताडून पाहा. एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त फी घेता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. देणगी घेण्याला 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे, मग तिला इमारत निधी म्हणोत की आणखी काही.

फीच्या खाली राहण्याचा खर्च लिहा. खोली, मेस, वीज, गावी येण्या-जाण्याचं भाडं. मेस दहा महिन्यांची धरा, पण खोलीचं भाडं बाराही महिन्यांचं, कारण घरमालक उन्हाळ्यात सूट देत नाही. रोज घरून जाणं शक्य असेल तर एसटीचा विद्यार्थी पास मोजा, त्यात 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग भरावा लागतो. मात्र गाडीची वेळ तपासा. सकाळची पहिली बस नऊला गावातून निघत असेल आणि प्रॅक्टिकल साडेनऊला सुरू होत असेल, तर पास कितीही स्वस्त असो, तो हिशोब कागदावरच राहील. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेलाही अडचण आणि शिष्यवृत्तीलाही.

शेवटी अभ्यासक्रमाच्या सगळ्या वर्षांची बेरीज करा, त्यात दरवर्षी थोडी वाढ धरा, आणि मग सवलत वजा करा.

एका घराचं उदाहरण

आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तुमच्या कॉलेजचे आकडे त्यांच्या जागी घाला. घर अमरावती जिल्ह्यातलं, खुल्या प्रवर्गातलं, उत्पन्न 8 लाखांच्या आत. दोन पर्याय आहेत. पहिला, घरापासून बसने जाण्याजोगं खाजगी अभियांत्रिकी कॉलेज: शिक्षण शुल्क 1,06,000, विकास शुल्क 14,000, इतर 5,000, पास 12,000, पुस्तकं-साहित्य 8,000. दुसरा, दूरच्या जिल्ह्यातलं शासकीय कॉलेज: शिक्षण शुल्क 24,000, इतर शुल्कं 11,000, वसतिगृह आणि मेस 50,000, पुस्तकं 8,000, प्रवास 6,000.

कोणतीही सवलत नसती तर खाजगीचे वर्षाला 1,45,000 आणि शासकीयचे 99,000. सरळ उत्तर, शासकीय स्वस्त.

आता मुलगा कॅपमधून गेला आणि त्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळालं असं धरा. खाजगीचा खर्च 92,000 वर येतो, शासकीयचा 87,000 वर. फरक फक्त 5,000 रुपयांचा. इथे निर्णय फीवर करण्यात अर्थच उरत नाही. शाखा कोणती मिळते, कॉलेज कसं आहे, मुलाने घराबाहेर राहावं का, हे प्रश्न मोठे होतात.

त्याच घरातली मुलगी असेल तर चित्र उलटं होतं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के लाभ मिळतो. ईडब्ल्यूएसचा दाखला हाती असलेल्या या मुलीला जवळचं खाजगी कॉलेज वर्षाला सुमारे 39,000 ला पडतं, दूरचं शासकीय 75,000 ला. म्हणजे मुलीला "सरकारीत नंबर नाही लागला, बीए कर" असं सांगण्याआधी हा हिशोब मांडायलाच हवा. पैशांअभावी मुलीचं शिक्षण थांबतंय असं ज्या घरांना वाटतं, त्यातल्या पुष्कळ घरांत कागद पूर्ण नसल्याने ते थांबलेलं असतं.

हीच मुलगी त्याच खाजगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून गेली, तर पूर्ण 1,45,000. चार वर्षांत 4,24,000 रुपयांचा फरक. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. त्या भावाने हे जवळपास 80 क्विंटल सोयाबीन झालं. मुलाच्या बाबतीत फरक 2,12,000 चा, म्हणजे 40 क्विंटल. कॅपचा अर्ज चुकला किंवा तारीख गेली, तर घरातून जाणारी रक्कम ही असते.

कोणत्या घराला काय मिळतं

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना, उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून शिक्षण आणि परीक्षा शुल्कासह निर्वाह भत्ता मिळतो. उत्पन्न त्याच्या वर असेल तर फ्रीशिपमधून शिक्षण आणि परीक्षा शुल्क. अनुसूचित जमातीसाठीही अशीच विभागणी आहे. विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला शिक्षण शुल्कात पूर्ण लाभ; खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमात ओबीसी मुलाला निम्मा. खुल्या प्रवर्गाच्या मुलाला वर सांगितलेली शाहू महाराज योजना, तिच्यात एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ आणि शिक्षणात दोन वर्षांहून मोठा खंड चालत नाही. हे सगळे अर्ज महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर होतात आणि दरवर्षी पुन्हा करावे लागतात. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहून जाणं ही फार नेहमीची चूक आहे, कारण पहिल्या वर्षी सांगायला कॉलेजचा कारकून असतो, दुसऱ्या वर्षी कोणी आठवण देत नाही.

राहण्याच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत. समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर राहणं-जेवण मोफत, आणि हा सगळ्यांत मोठा दिलासा असतो. जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, आणि ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये नागपूरसारख्या शहरात वर्षाला 60,000 आणि इतर महानगरपालिकांच्या ठिकाणी 51,000 रुपये. आधार योजनेत जिल्ह्यागणिक लाभार्थींची संख्या ठरलेली असते, म्हणून ती मिळेलच असं धरून बजेट करू नका. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. कोरडवाहू पाच एकरांच्या आतली बरीच घरं तिच्यात बसतात आणि अर्जच करत नाहीत.

तंत्रशिक्षणात जाणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला 50,000 रुपयांची आहे, पदविका आणि पदवी दोन्हींना. आणखी एक, फार कमी घरांना ठाऊक असलेली गोष्ट: ट्यूशन फी वेव्हर, म्हणजे टीएफडब्ल्यूएस जागा. कॉलेजच्या मंजूर जागांवर 5 टक्क्यांपर्यंत जास्तीच्या जागा असतात, उत्पन्न 8 लाखांच्या आत लागतं, जात कोणतीही चालते, आणि पूर्ण अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क माफ. कॅपच्या विकल्प अर्जात, म्हणजे कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम भरायच्या अर्जात, या जागेचा सांकेतांक वेगळा, शेवटी टी असलेला असतो. तो टाकला नाही तर जागेचा विचारच होत नाही. खुल्या आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलांनी प्रत्येक खाजगी कॉलेजचा टी सांकेतांक आधी आणि साधा नंतर अशा क्रमाने भरावा. कट-ऑफ थोडा वर जातो; पण मिळाली तर चार वर्षं सुटतात. ही जागा घेतल्यावर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, म्हणून नकोशी शाखा केवळ माफीसाठी टाकू नका.

आता एक धोक्याची जागा. मुलींसाठीच्या 2024 च्या निर्णयातून खाजगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. नागपूर, वर्धा, अमरावती भागात गेल्या काही वर्षांत काही जुन्या कॉलेजांचं असं विद्यापीठ झालं आहे. पाटी तीच, आवार तेच, थोरल्या भावाला तिथे सवलत मिळाली होती, म्हणून धाकटीला मिळेलच असं नाही. संस्थेचा आजचा दर्जा काय आणि महाडीबीटीवर तुमच्या योजनेच्या यादीत ती दिसते का, हे अर्ज भरण्याआधी पाहा. कॅप संपल्यावर कॉलेजने आपल्या स्तरावर भरलेल्या रिकाम्या जागांबाबतही हाच प्रश्न लेखी विचारा.

कागद अकरावीतच काढा

जातीच्या प्रवर्गातून व्यावसायिक प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळायला महिने लागतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करावा. पुराव्यासाठी जुनी नोंद शोधावी लागते: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीची, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची. विदर्भात यासाठी कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल आणि आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज उतारा हे सगळ्यांत उपयोगी पडतात. नावातला फरक, एका ठिकाणी नुसतं नाव, दुसरीकडे आडनावासह, तिसरीकडे शाई उडालेली, यावर प्रकरणं अडतात. म्हणून वंशावळीचं शपथपत्र करताना प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं लिहून, ही एकच व्यक्ती असल्याचं नमूद करा.

नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे प्रगत गटात मोडत नसल्याच्या, प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते, हे ध्यानात ठेवा. मुदत संपलेला दाखला जोडला की अर्ज परत येतो किंवा विद्यार्थी खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा आणि चालू वर्षाचा हवा. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातलं आहे की केंद्राच्या, हे पाहा. राज्याच्या प्रवेशाला राज्याचाच नमुना चालतो. जूनमध्ये सेतू केंद्रावर गर्दी उसळते, तेव्हा हे अर्ज एप्रिल-मेमध्येच टाकलेले बरे.

पैसे जमा होण्यासाठी विद्यार्थ्याचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. इथे फसगत होते ती अशी: घरात दोन खाती असतात, आणि शासनाचा पैसा ज्या खात्याला आधार शेवटी जोडला गेला त्याच खात्यात जातो, पासबुक कोणतंही दिलं असो. बँकेत जाऊन हे एकदा विचारून घ्या. आणि फॉर्म कॅफेवर भरला तरी मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर टाकलेल्या अर्जाचा ओटीपी ऐन वेळी मिळत नाही, आणि जागा स्वीकारायची मुदत तीन-चार दिवसांचीच असते.

स्वस्त पर्याय कुठे कुठे आहेत

अभियांत्रिकीची शासकीय महाविद्यालयं विदर्भात अमरावती, नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ इथे आहेत. त्याशिवाय नागपुरात व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटी, पण त्यांचा रस्ता जेईई मेनचा, आणि फी राज्य शासकीय कॉलेजपेक्षा बरीच जास्त. बी.फार्म.साठी अमरावतीला शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे.

दहावीनंतरचा शासकीय तंत्रनिकेतनाचा रस्ता आम्हाला पैशांच्या बाबतीत सगळ्यांत सरस वाटतो. अचलपूर, मूर्तिजापूर, खामगाव, वाशिम, आर्वी, साकोली, ब्रह्मपुरी, गडचिरोली अशा ठिकाणी ती आहेत, म्हणजे बऱ्याच गावांपासून हाताच्या अंतरावर. प्रवेश दहावीच्या गुणांवर, वेगळी सीईटी नाही. तीन वर्षांची पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. वेळेचा हिशोब बघा: दहावी, मग दोन वर्षं बारावी आणि चार वर्षं पदवी, किंवा दहावी, तीन वर्षं पदविका आणि तीन वर्षं पदवी. दोन्हीकडे सहाच वर्षं. पण पदवीच्या एका वर्षाची फी वाचते, बारावीच्या शिकवणीचा खर्च वाचतो, आणि मधेच घरची परिस्थिती फिरली तर हातात नोकरीलायक कागद असतो. तोटा एकच मोठा: थेट दुसऱ्या वर्षाला गणिताची झेप अवघड जाते, कारण पदविकेचं गणित हलकं असतं. पदविकेच्या शेवटच्या सुट्टीत पहिल्या वर्षाचं गणित स्वतः करून घेतलं तर ती अडचण बरीच कमी होते.

कृषीत अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची अकोला, नागपूर इथली स्वतःची महाविद्यालयं आणि त्याच विद्यापीठाशी संलग्न खाजगी कॉलेजं, दोन्हीकडे पदवी त्याच विद्यापीठाची मिळते. फीचा फरक मोठा, शेतावरच्या प्रात्यक्षिकांची सोय विद्यापीठाकडे बहुधा चांगली. अर्जात विद्यापीठाची महाविद्यालयं आधी, हे इथे जवळपास नेहमीच खरं.

बीए, बीएस्सी, बीकॉमला अनुदानित महाविद्यालय पुरेसं आहे. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आणि नागपूरची विज्ञान संस्था इथे बीएस्सी कमी खर्चात चांगली होते. पण एक तपासा. एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन तुकड्या असतात. संगणकशास्त्र, जैवतंत्रज्ञान असे विषय बहुधा विनाअनुदानितमध्ये, आणि त्यांची फी कैक पटींनी जास्त. खिडकीवर "ही तुकडी अनुदानित का?" एवढं विचारलं तरी कळतं. बीसीए-बीबीएला 2024 पासून सीईटी आहे. ती दिली नाही तर स्वस्त जागा हातातून जाते, म्हणून तिच्या अर्जाची तारीख वेळीच बघा.

वैद्यकीयचं थोडक्यात: नीटच्या गुणांवर शासकीय जागा मिळत नसेल तर शेत विकून खाजगी एमबीबीएस करू नका. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणं स्वस्त. शासकीय एमबीबीएसनंतर एक वर्ष ग्रामीण सेवेचं बंधपत्र असतं, ते मोडलं तर 10 लाख रुपये दंड, हेही हिशोबात धरा.

विकल्प अर्ज भरताना

2025-26 पासून अभियांत्रिकीच्या कॅपला चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला विकल्प मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला तरी तेच. म्हणून वरचे सहा विकल्प खरोखर हवे असलेलेच असावेत. "बघू तरी लागतं का" म्हणून चौथ्या क्रमांकावर टाकलेलं महागडं दूरचं कॉलेज गळ्यात पडू शकतं. नियम दरवर्षी बदलतात, त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचूनच क्रम लावा.

क्रम लावायचा तो वहीतल्या शेवटच्या आकड्याकडे आणि शाखेकडे मिळून बघून. मागच्या वर्षीचे कट-ऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर कॉलेज, शाखा आणि प्रवर्गानुसार असतात. तुमच्या पर्सेंटाइलपेक्षा थोडे वरचे काही, आसपासचे बरेच आणि खालचे काही विकल्प टाका. पाच-सहाच विकल्प टाकून थांबणाऱ्यांना शेवटी काहीच मिळत नाही, आणि मग कोणी तरी मॅनेजमेंटची जागा घेऊन दारात उभा राहतो.

शासकीय आहे म्हणून कोणतीही शाखा घेऊ नये, हेही खरं. मुलाला संगणकाचं करायचं असताना केवळ फीसाठी दुसऱ्या शाखेत घातलं आणि तो दोन विषयांत अडकून वर्ष गमावून बसला, तर वाचलेले पैसे त्या एका वर्षात जातात. नापास होऊन त्याच वर्गात राहिल्यास त्या वर्षीची सवलतही मिळेल असं धरू नका.

खाजगी कॉलेज पारखताना

माहितीपत्रकातल्या "सर्वोच्च पॅकेज"कडे पाहू नका, तो एका मुलाचा आकडा असतो. एनआयआरएफला, म्हणजे केंद्राच्या कॉलेज-क्रमवारीला, दिलेली माहिती कॉलेजला आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यम पगार किती, हे वर्षनिहाय असतं. मध्यम पगार म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी मिळतो. हा आकडा वर्षाच्या फीशेजारी लिहून बघा. एनबीए या केंद्रीय मंडळाचं मानांकन कॉलेजला नसतं, शाखेला असतं. तुमच्या शाखेला आहे का आणि मुदत संपली का, हे विचारा. डी.फार्म.साठी भारतीय भेषजी परिषदेची आणि नर्सिंगसाठी परिचर्या परिषदेची मान्यता त्या वर्षासाठी आहे का, ते यादीतच तपासा, भिंतीवरच्या फ्रेमवर विसंबू नका. विद्यापीठाच्या नावाचीही खात्री करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत नागपूरचं एक नाव वर्षानुवर्षं आहे.

कामाच्या दिवशी, न कळवता कॉलेजला जा. प्रयोगशाळा उघडी आहे का, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मुलं किती बसली आहेत, हे बघा. बाहेर चहाच्या टपरीवर मुलांना दोनच गोष्टी विचारा: शिष्यवृत्ती येईपर्यंत कॉलेज फीसाठी परीक्षेचा फॉर्म अडवतं का, आणि वर्षभरात पावतीशिवाय काय काय मागतं.

कर्ज घ्यायचंच असेल तर

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागत नाहीत, म्हणून सातबारावर बोजा चढवायची घाई करू नका. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष यांचं व्याज केंद्र भरतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला कर्ज घेतानाच बँकेत द्यावा लागतो.

ही सूट नसेल तर व्याज कसं वाढतं ते बघा. दरवर्षी दीड लाख, असे चार वर्षांत 6 लाख, व्याज 10 टक्के. शिकताना आणि नंतरच्या एका वर्षात काहीच भरलं नाही तर साध्या व्याजानेही 2,10,000 चढतात आणि फेड 8,10,000 वर सुरू होते. सात वर्षांच्या मुदतीत महिन्याला सुमारे 13,450 रुपये हप्ता. शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर हप्ता 9,960 च्या आसपास. नव्या अभियंत्याला 18-20 हजारांची पहिली नोकरी लागली तर यातला कोणता हप्ता झेपेल, हे त्या एनआयआरएफच्या मध्यम पगाराशेजारी ठेवून ठरवा. सावकाराकडचं किंवा पीककर्जातून वळवलेलं कर्ज या हिशोबात धरूच नका. पीककर्ज मार्चअखेर थकलं की व्याजाची सवलत जाते आणि पुढच्या पेरणीला हात रिकामा राहतो.

प्रवेशाच्या दिवशी

कॉलेजात जाताना शुल्क प्राधिकरणाचा मंजूर आकडा आणि कॅपचं वाटप पत्र छापून न्या. कॅपची जागा असल्याचा शब्द त्या पत्रात असतो, त्याची एक प्रत घरी ठेवा. महाडीबीटीवर पुढे तीच लागते. आज किती भरायचं आणि शिष्यवृत्ती आल्यावर किती परत, हे लेखी घ्या. हप्ते मागा, आणि मागताना तारखा पिकाच्या सांगा: पहिला आता, दुसरा नोव्हेंबरमध्ये, तिसरा फेब्रुवारीत. बरीच कॉलेजं अर्ज दिल्यावर ऐकतात, तोंडी विचारल्यावर नाही म्हणतात. प्रत्येक रुपयाची पावती विद्यार्थ्याच्या नावाची हवी, कारण महाडीबीटीवर भरलेला आकडा आणि पावतीचा आकडा जुळला नाही की अर्ज परत येतो.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. तो पैसा घरखर्चात गेला तर पुढे परीक्षेच्या वेळी तेवढी रक्कम उभी करणं जड जातं. खात्यात आल्या दिवशीच भरून टाका.

जून-जुलैत गावोगावी फिरणारे प्रवेशाचे एजंट मूळ टीसी आणि गुणपत्रिका मागतात. देऊ नका. मूळ कागद एकदा गेले की दुसरी फेरी, दुसरं कॉलेज, सगळं बंद. कॉलेजनेही मूळ कागद तपासून परत द्यायचे असतात, अडवून ठेवायचे नसतात. टीसी तेवढी जमा होते. आणि नंतरच्या फेरीत चांगली जागा लागली तर सीईटी कक्षाने दिलेल्या अंतिम तारखेआधी ऑनलाइन प्रवेश रद्द करा. 1,000 रुपये कापून बाकी फी परत मिळते. नुसता कॉलेजात अर्ज देऊन आलात आणि ऑनलाइन रद्द केलं नाही, तर तारीख उलटते आणि पैसेही जातात. रद्द केल्याची पोच छापून, तारीख दिसेल अशी, पावत्यांच्या फाइलला लावा.